मिन्याने रंगविलेली काचफलके: नाव, तंत्र आणि कारागीर

युरोपातील जुन्या चर्चच्या खिडक्यांत, महाविद्यालयांच्या प्रार्थनामंदिरांत आणि संग्रहालयांच्या दालनांत चित्रे काढलेल्या काचा आढळतात. त्या सर्वांना इंग्रजीत सरसकट ‘स्टेन्ड ग्लास’ असे म्हणण्याची रूढी आहे, व मराठीत त्याच रूढीला अनुसरून ‘रंगीत काच’ असा शब्द वापरला जातो. वस्तुतः या एका नावाखाली निदान चार भिन्न प्रक्रिया एकत्र आल्या आहेत. पहिलीत काच घडवितानाच तिच्या रसात रंग मिसळलेला असतो. दुसरीत काचेवर काळपट रेखन करून ते भट्टीत पक्के केलेले असते. तिसरीत चांदीच्या क्षाराने काचेच्या अंगात पिवळी छटा मुरविलेली असते. आणि चौथीत बिनरंगी काचेच्या पृष्ठभागावर रंगीत काचेचीच पूड लावून ती वितळवून बसविलेली असते. ही चौथी प्रक्रिया म्हणजेच मिनारंगाची प्रक्रिया होय. प्रस्तुत लेखात तिचा व ती हाताळणाऱ्या कारागिरांचा विचार करावयाचा आहे. या निमित्ताने नाव आणि वस्तू यांचा संबंध सैल झाला असता वस्तूच्या नशिबी काय येते, तेही पाहता येईल.

१. शब्दांची साक्ष

प्रथम शब्दांकडे पाहू. इंग्रजीतील ‘एनॅमल’, फ्रेंचमधील ‘एमाय’, इटालियनमधील ‘स्माल्तो’ आणि जर्मनमधील ‘श्मेल्त्स’ हे चारही शब्द एकाच जर्मानिक धातूशी जोडलेले आहेत, आणि त्या धातूचा अर्थ ‘वितळणे’ असा आहे. कोबाल्टमुळे निळ्या झालेल्या काचेच्या पुडीला चित्रकार ‘स्मॉल्ट’ म्हणत; तो शब्दही याच कुळातला. म्हणजे युरोपीय भाषांनी या पदार्थाला त्याच्या रंगावरून वा चकाकीवरून नाव दिले नाही. त्याच्यावर होणाऱ्या क्रियेवरून दिले. आपल्याकडील ‘मिना’ हा शब्द फारसीतून आला. फारसीत ‘मीना’ म्हणजे धातूवरील काचमय लेप, तसेच काच, काचेचा प्याला आणि निळाई अशा छटा आढळतात. एका भाषाकुलाने क्रिया लक्षात ठेवली, दुसऱ्या परंपरेने द्रव्य व त्याचे दर्शन लक्षात ठेवले. वस्तू मात्र एकच आहे: सहज वितळणारी काच व तिला रंग देणारे धातूचे भस्म यांचे मिश्रण.

याउलट ‘स्टेन’ या शब्दाचा काचकामातील मूळ अर्थ फार अरुंद आहे. तो केवळ वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रक्रियेला, म्हणजे चांदीच्या पिवळ्या छटेला लागू पडतो. चौदाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये ही प्रक्रिया प्रचारात आली. चांदीचा क्षार माती वा गेरूसारख्या पदार्थात कालवून काचेच्या बाहेरील बाजूस लावीत आणि तापवीत. चांदीचे कण काचेच्या अंतरंगात शिरत, आणि थंड झाल्यावर वरची माती पुसून टाकली तरी पिवळेपणा कायम राही. ही छटा काचेच्या वर नसते, काचेत असते. म्हणून ती झडत नाही. एका विशिष्ट प्रक्रियेचे हे नाव पुढे साऱ्या कलेला चिकटले. मिनारंगाची काच पाहूनही ‘रंग काचेत मुरलेला आहे’ असा जो समज होतो, त्याचे एक कारण हे नावच आहे.

२. भट्टीपूर्वी आणि भट्टीनंतर

मिनारंग तयार करताना शिसेयुक्त, लवकर वितळणारी काच बारीक कुटून घेत. तिच्यात निळ्यासाठी कोबाल्टचे, हिरव्यासाठी तांब्याचे, जांभळ्यासाठी मँगेनीजचे भस्म मिसळीत. ही पूड डिंकाच्या पाण्यात किंवा एखाद्या तेलात खलून कुंचल्याने काचेवर लावीत. सावल्या व रेषा यांसाठी लागणारा काळपट रंग लोखंडाच्या किंवा तांब्याच्या भस्मापासून बनवीत व तो सामान्यतः काचेच्या आतील अंगास देत. चांदीची छटा आणि पुष्कळदा निळे-हिरवे मिनारंग बाहेरील अंगास देत. त्यामुळे एकाच तुकड्यावर दोन्ही बाजूंनी चित्र साकारत असे, आणि पाठीमागून उजेड आल्यावाचून ते पूर्ण होत नसे.

या कामातील खरी अडचण उष्णतेची होती. मिनारंग वितळला पाहिजे, पण त्याखालची काच वितळता कामा नये. सहाशे अंशांच्या आसपास मिना पाझरू लागतो. त्याहून फार वर गेल्यास आधाराची काचही मऊ पडून वाकू लागते. या दोहोंमधील अंतर थोडे, आणि जुन्या कारागिरांजवळ तापमापक नव्हता. रंगविलेले तुकडे चाळलेल्या कोरड्या चुन्याच्या थरांत एकावर एक रचून भट्टीत ठेवीत आणि त्यांबरोबर काही चाचणीचे तुकडे घालीत. हे तुकडे मधून मधून बाहेर काढून पाहिले की आत काय चालले आहे याचा अंदाज येई. आच थांबविल्यानंतर भट्टी अतिशय सावकाश निवू द्यावी लागे. घाई झाल्यास काच तडकत असे. शिवाय भट्टीत जाणारा रंग आणि भट्टीतून निघणारा रंग यांत मोठा फरक पडे. म्हणजे कारागीर जे रंगवीत असे ते त्याला रंगविताना दिसत नसे. ते अनुभवाने जाणावे लागे.

आणखी एक दोष या पद्धतीच्या पोटातच होता. तापल्यावर फुगणे व निवल्यावर आकसणे ही क्रिया मिन्याच्या थरात आणि आधाराच्या काचेत एकसारखी होत नाही. हे प्रमाण नीट जुळले नाही तर थरात सूक्ष्म भेगा पडतात, त्यांत ओलावा शिरतो आणि काही पिढ्यांनंतर रंगाच्या खपल्या निघू लागतात. निळा मिना या बाबतीत विशेष दुबळा ठरला. जुन्या फलकांवर आकाश वा वस्त्र फिकट, डागाळलेले दिसते आणि पिवळा रंग मात्र ताजा राहतो, याचे रहस्य येथे आहे.

३. कलश, फलक आणि खिडक्या

काचेवर मिन्याने चित्र काढण्याची कल्पना खिडक्यांच्या आधी पात्रांवर रुजली. तेराव्या-चौदाव्या शतकांत सिरिया व इजिप्त येथे ममलूक राजवटीत मशिदींसाठी जे काचेचे दिवे घडविले गेले, त्यांवर सोने आणि मिना यांनी अक्षरे कोरल्यासारखी उठविलेली असत. कुराणातील प्रकाशविषयक आयत त्यांवर वारंवार येते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हेनिसच्या काचकारांनी हे तंत्र आपलेसे केले व पुढे बोहेमिया आणि जर्मनी येथील मोठ्या पेल्यांवर ते पसरले. खिडकीच्या काचेवर त्याचा नियमित वापर सोळाव्या शतकाच्या मध्यापासून होऊ लागला.

तत्पूर्वीच्या मध्ययुगीन खिडकीत प्रत्येक रंगासाठी वेगळा तुकडा कापून तो शिशाच्या पट्टीने शेजारच्या तुकड्याशी जोडावा लागे. शिशाची रेघ हीच चित्राची बाह्यरेषा होती. मिनारंगामुळे एकाच पांढऱ्या काचेवर अनेक रंग शेजारी शेजारी ठेवता येऊ लागले. याचा पहिला मोठा लाभ लहान फलकांना झाला. स्वित्झर्लंडमध्ये नवे सभागृह, मठ, घर वा पानगृह बांधले गेले असता त्याला चिन्हांकित काच भेट देण्याची चाल होती. प्रांत, नगरे, श्रेणी, मठाधिपती आणि सधन गृहस्थ आपली कुलचिन्हे, नावे व साल घातलेले वीत-दीड वीत आकाराचे फलक देत. झुरिक येथील योस्ट मुरर (१५३०–१५८०) व त्याचा पुत्र क्रिस्टोफ मुरर (१५५८–१६१४) हे या कामातील नाणावलेले कारागीर होत. वेटिंगेनच्या मठातील परिक्रमामार्गात अशा फलकांचा मोठा संच आजही आपल्या जागी पाहावयास मिळतो. हे फलक डोळ्यांच्या उंचीवर बसविलेले असत. ते जवळून, पोथीचे पान वाचावे तसे वाचावयाचे असत. इतक्या लहान जागेत शिशाच्या जाड पट्ट्या खपल्या नसत्या. म्हणून येथे मिना ही केवळ सोय राहिली नाही, ती गरज ठरली.

पुढे सतराव्या शतकात एक बाह्य कारणही येऊन मिळाले. रसातच रंगविलेल्या काचेचा एक मोठा पुरवठा लोरेन प्रांतातून होत असे. तीस वर्षांच्या युद्धात, विशेषतः १६३० नंतरच्या दशकात, त्या प्रांताची धूळधाण झाली आणि तेथील भट्ट्या बसल्या. रंगीत काच दुर्मीळ झाल्यावर पांढऱ्या काचेवर रंग चढविणे हाच मार्ग अनेक ठिकाणी उरला. ज्या पद्धतीला पुढे अभिरुचीची अधोगती म्हणून हिणविण्यात आले, तिच्या प्रसाराला टंचाईचाही हातभार लागला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

४. इंग्लंडातील कारागीर

या कलेचा सर्वांत बोधप्रद इतिहास इंग्लंडात घडला. एम्डेनहून आलेल्या व्हान लिंगे कुटुंबातील बर्नार्डने १६२२ मध्ये ऑक्सफर्डच्या वॉडम कॉलेजच्या प्रार्थनामंदिरातील पूर्वेची खिडकी रंगविली. अब्राहम व्हान लिंगे याने १६४१ मध्ये तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजसाठी केलेल्या खिडक्यांत दाट झाडी, दूरवरची नगरे आणि निळसर क्षितिजे आहेत. आकृती एका काचेतून दुसरीत मोकळेपणाने जाते, आणि काचांचे चौकोन तिच्याकडे लक्ष न देता जाळीसारखे पसरलेले असतात. शिशाची रेघ आता चित्राची रेषा उरली नाही. तो केवळ आधार झाला.

अठराव्या शतकात यॉर्क येथील विल्यम पेकिट (१७३१–१७९५) याचे नाव पुढे येते. काचचित्रणाची जुनी विद्या नष्ट झाली असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. पेकिटला गुरू लाभला नाही. त्याने प्रयोग करून रंग व आच यांची गणिते स्वतःच बसविली. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयातील खिडकी त्याने जी. बी. चिप्रियानी याच्या आराखड्यावरून १७७५ मध्ये पूर्ण केली. तिच्यात न्यूटन हा राजा तिसरा जॉर्ज याच्यापुढे सादर होत आहे आणि बेकन ते टिपून घेत आहे. बेकन १६२६ मध्ये वारला, न्यूटन १७२७ मध्ये, आणि जॉर्ज १७६० मध्ये गादीवर आला. कालक्रमाची ही बेपर्वाई त्या काळच्या रूपकप्रिय वृत्तीला साजेशीच आहे.

पेकिटच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी मेरी हिने १७९६ मध्ये यॉर्कच्या सेंट मार्टिन-कम-ग्रेगरी या चर्चमध्ये त्याच्या स्मरणार्थ स्वतः एक खिडकी केली. जेम्स पिअर्सन याची पत्नी एग्लिंग्टन मार्गारेट पिअर्सन हीही त्या काळातील नावाजलेली काचचित्रकार होती. कार्यशाळेवर नाव पुरुषाचे असले तरी आतील विद्या घरातील स्त्रियांच्याही हाती होती, याचे हे दोन निःसंदिग्ध पुरावे आहेत.

याच काळात ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजने आपल्या प्रार्थनामंदिरातील पश्चिमेची खिडकी टॉमस जर्व्हिस याच्याकडे सोपविली. आराखडे सर जोशुआ रेनल्ड्स यांचे होते. १७७८ ते १७८५ या काळात झालेल्या या खिडकीत वर ख्रिस्तजन्म आणि खाली सद्गुणांच्या स्त्रीरूप आकृती आहेत. रेनल्ड्स यांनी प्रथम तैलचित्रे काढली व जर्व्हिसने ती काचेवर उतरविली. ख्रिस्तजन्माचे मूळ तैलचित्र १८१६ मध्ये बेल्व्हॉर किल्ल्याच्या आगीत जळाले, म्हणून आज त्या रचनेची मोठी साक्ष काचेतच उरली आहे. तथापि तैलचित्रातील गडद छाया हा रंगाचा गुण असतो, काचेत ती उजेडाची अडवणूक होते. खिडकी अपेक्षेहून मंद दिसली, आणि स्वतः रेनल्ड्सही नाराज झाल्याचे सांगितले जाते.

येथे दुसरी एक गोष्ट नोंदविणे अवश्य आहे. या नव्या खिडकीसाठी जागा करताना चौदाव्या शतकातील जुनी काच काढण्यात आली होती. ती पेकिटच्या हाती आली आणि तिचा काही भाग आज यॉर्कच्या महामंदिरात आहे. मिनारंगाच्या अभिमान्यांनी मध्ययुगीन काचेला जी वागणूक दिली, तीच पुढे त्यांच्या स्वतःच्या कामाच्या वाट्याला यावयाची होती.

५. वर्गीकरण आणि त्याचा परिणाम

१८४७ मध्ये चार्ल्स विन्स्टन या वकिलाने जुन्या काचचित्रांच्या शैलीभेदांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने तीन पद्धती सांगितल्या: रंगीत तुकडे जोडण्याची मोझेक पद्धती, पांढऱ्या काचेवर रंगविण्याची मिनापद्धती, आणि या दोहोंच्या मिश्रणाची पद्धती. अभ्यासाच्या दृष्टीने हे वर्गीकरण फार उपयुक्त ठरले. आजही ते सर्वथा टाकाऊ झालेले नाही. परंतु वर्णनासाठी केलेले भेद लवकरच मूल्यमापनाचे भेद बनले. गॉथिक पुनरुज्जीवनाच्या त्या काळात द्रव्याचा ‘खरेपणा’ ही मोठी कसोटी होती. शिशाची रेघ दिसणारी, रसात रंगलेली काच ती खरी. चित्रफलकासारखी भासणारी मिनारंगाची काच ती खोटी, असा निवाडा झाला. ‘मिनापद्धती’ हे वर्णन राहिले नाही, तो आरोप झाला.

त्याचे परिणाम प्रत्यक्ष होते. विंडसर येथील सेंट जॉर्जच्या प्रार्थनामंदिरात बेंजामिन वेस्ट यांच्या आराखड्यावरून १७८० नंतरच्या दशकात पुनरुत्थानाची भव्य खिडकी झाली होती. ती १८६० नंतरच्या दशकात काढून टाकण्यात आली व तिच्या जागी मध्ययुगीन धाटणीची नवी खिडकी बसविण्यात आली. अशा रीतीने उतरविलेल्या काचांपैकी काही फुटल्या, काही पेट्यांत पडून राहिल्या; आणि लहान फलकांना लाकडी चौकटी बसवून घरात उजेडापुढे ठेवावयाचे पडदे करण्याची पद्धतही पडली. संग्राहकांपुढे असे सुटे पडदे येतात तेव्हा त्यांचे मूळ स्थान व उंची हरवलेली असते. उरतो तो केवळ रंग.

विरोधकांची बाजू निराधार होती असे मात्र म्हणता येत नाही. बव्हेरियाच्या लुडविग राजाने १८२७ मध्ये म्यूनिक येथे राजकीय काचचित्रशाळा स्थापन केली. मिखाएल झिग्मुंड फ्रांक आणि नंतर माक्स आइनमिलर यांच्या हाताखाली तेथे मोठमोठ्या खिडक्या झाल्या. ग्लासगोच्या महामंदिरासाठी १८५९ ते १८६४ या काळात त्या शाळेतून खिडक्यांचा मोठा संच नेण्यात आला. परंतु रंग टिकला नाही, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांतील बहुतेक उतरविल्या गेल्या. लहान प्रमाणावर मात्र हीच विद्या अपूर्व यशस्वी झाली. ड्रेस्डेनचा झामुएल मोन छायाकृती काढता काढता पेल्यांवर पारदर्शक मिन्याने नगरदृश्ये काढू लागला. त्याचा पुत्र गोटलोब झामुएल मोन (१७८९–१८२५) व्हिएन्नास गेला आणि त्याने लाक्सेनबुर्गच्या राजवाड्यासाठी काचचित्रे केली. व्हिएन्नाच्या चिनीमातीच्या कारखान्यात जन्म घालविलेला आंटोन कोटगासर (१७६९–१८५१) याचे पेले आजही त्या कलेचा मानदंड समजले जातात. जे तंत्र तीस फूट उंचीच्या खिडकीत थकले, ते तळहाताएवढ्या काचेत उजळले.

जाता जाता शब्दाचा आणखी एक फेरा सांगण्यासारखा आहे. विन्स्टनने मध्ययुगीन काचेचे रासायनिक पृथक्करण करविले आणि तिच्यासारखी असमान, जिवंत काच पुन्हा घडविण्याचा उद्योग सुरू झाला. या नव्या काचेला व्यापारात ‘अँटिक’ असे नाव पडले. म्हणून काचकाराच्या बोलीत ‘अँटिक काच’ ही जुनी नव्हे, तर जुन्या रीतीने फुंकून केलेली नवी काच होय. संग्रहालयाच्या सूचीत हा शब्द बेसावधपणे उतरला तर एकोणिसाव्या शतकाचा फलक सोळाव्यात जाऊन बसण्यास वेळ लागत नाही.

६. नावाची जबाबदारी

मिनारंगाच्या काचेकडे पाहण्याची दृष्टी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बदलली. १९५२ मध्ये मध्ययुगीन काचचित्रांच्या आंतरराष्ट्रीय सूचीचे कार्य सुरू झाले, आणि पुढे अनेक देशांत तिची मर्यादा नंतरच्या शतकांपर्यंत वाढविण्यात आली. खपल्या धरलेली काच पुन्हा भट्टीत घालून रंगविणे आता टाळले जाते. कारण एकदा उडालेला रंग परत आणताना उरलेलाही गमावण्याची भीती असते. त्याऐवजी मूळ काचेच्या बाहेर दुसरी संरक्षक काच बसवून दोहोंमधून हवा खेळती ठेवतात, म्हणजे ओलावा रंगापर्यंत पोहोचत नाही. अर्थात हा उपाय योजण्यापूर्वी समोरची काच कोणत्या पद्धतीची आहे हे ओळखावे लागते.

ही ओळख महाराष्ट्रातही महत्त्वाची आहे. येथील जुन्या वाड्यांत, देवघरांत व संग्रहालयांत काचेवरील देवदेवतांची व व्यक्तींची चित्रे आढळतात. ती बहुधा वेगळ्याच कुळातली आहेत. अठराव्या शतकात कँटनहून चीनच्या व्यापाराबरोबर पश्चिम हिंदुस्थानात आलेल्या या तंत्रात काचेच्या मागील अंगास उलट क्रमाने रंग देतात: प्रथम डोळ्यांच्या रेषा, दागिन्यांचे बारकावे, मग अंगाचा वर्ण, आणि अखेरीस पार्श्वभूमी. हे चित्र भट्टीत जात नाही. ते उजेडाच्या पुढे नव्हे, भिंतीवर टांगून पाहावयाचे असते, आणि त्याचा रंग केवळ वाळून काचेला चिकटलेला असतो. अशा चित्रावर ‘मिनाकाम’ किंवा ‘स्टेन्ड ग्लास’ अशी चिठ्ठी लागली, आणि भाजलेला रंग पक्का असतो एवढ्या भरवशावर कोणी ते ओल्या फडक्याने पुसले, तर शंभर-दीडशे वर्षे जपलेला चेहरा एका क्षणात फडक्यावर उतरतो.

म्हणून मराठीत या चार-पाच प्रकारांना वेगळी नावे असणे हा केवळ परिभाषेचा हव्यास नव्हे. ‘रसरंगी काच’, ‘रेखित काच’, ‘रौप्यछटेची काच’, ‘मिनारंगी काच’ आणि ‘पृष्ठचित्रित काच’ असे शब्द योजिल्यास प्रत्येक शब्द रंग काचेत आहे, काचेवर वितळलेला आहे की नुसता चिकटलेला आहे, हे सांगू शकेल. हे शब्द न रुचल्यास दुसरे योजावेत. भेद मात्र सोडू नयेत. विंडसरची खिडकी एका नावाला चिकटलेल्या तिरस्कारामुळे गेली. वाड्यातील चित्र नाव चुकल्यामुळे जाऊ नये, एवढी काळजी अभ्यासकाने घ्यावयास हवी.